‘आपला फॉर्म्युला चालतो!’ चालतो का, ते वही सांगेल

क्रिकेटच्या अंदाजाची पद्धत खरी की नशिबाची, हे एक रुपयाही न लावता तपासता येते. त्यासाठी नोंदी कशा ठेवायच्या, किती ठेवायच्या आणि त्यातून नेमके काय दिसते, याचा उलगडा.

आयपीएलचा हंगाम आला की चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, मोंढ्यात असा एक जण हमखास भेटतो. त्याच्याकडे फॉर्म्युला असतो. रात्रीचा सामना, दव पडणार, नाणेफेक जिंकणाऱ्याने आधी गोलंदाजी घेतली की डोळे झाकून तोच संघ. ‘गेल्या वेळी दहापैकी आठ बरोबर आले,’ असे तो छातीठोकपणे सांगतो. कोणते दहा, असे विचारले की गाडी अडते. त्याआधीचे किती चुकले, मधले किती सोडून दिले, त्या वेळी भाव काय होता, यातले काहीच कुठे लिहिलेले नसते. लक्षात राहिलेले आठ मात्र पक्के असतात.

माणसाची आठवण अशीच चालते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी १९८३ मध्ये पैज लावणाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. जिंकलेली पैज लोक जशीच्या तशी स्वीकारतात. हरलेल्या पैजेवर मात्र जास्त विचार करतात आणि तिला कारण शोधतात. शेवटच्या षटकात झेल सुटला, पंचांनी चूक केली, नाहीतर जिंकलोच होतो. म्हणजे हरलेली पैजही मनात ‘जवळपास जिंकलेली’ म्हणून जमा होते. हा हिशेब तोंडी ठेवून चालत नाही, तो याचसाठी.

आधी कायदा

क्रिकेटवर सट्टा लावणे महाराष्ट्रात बेकायदा आहे. पोलिस कारवाई करतात ती महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. तो मूळचा १८८७ चा. अपवाद मुंबई-पुण्याच्या परवानाधारक रेसकोर्सवरील घोड्यांच्या शर्यतींचा. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल असतो. म्हणजे पैज जिंकलात आणि समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर त्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही.

त्यामुळे खाली जी चाचणी सांगितली आहे ती वहीतली आहे. तिच्यात पैसे लागत नाहीत, आणि लावण्याची गरजही नाही. पद्धत खरी असेल तर ती कागदावरही खरी दिसेल.

बियाण्याच्या गावाला हे नवे नाही

जालना देशभर ओळखले जाते ते स्टील, मोसंबी आणि बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच ‘महिको’ सुरू केली; १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यात नवा वाण ‘चांगला आहे’ असे कोणी म्हटले म्हणून तो चांगला ठरत नाही. तो शेजारी-शेजारी लावून पाहतात. बाजूला जुना, माहितीचा वाण असतो. त्याला सगळे ‘चेक’ म्हणतात. एकाच प्लॉटवर भिस्त ठेवत नाहीत. तोच वाण अनेक प्लॉटमध्ये घेतात, कारण एका तुकड्यात पाणी साचते आणि दुसऱ्यात मुरूम लागतो. कोणता वाण कुठल्या प्लॉटमध्ये जाईल, ते चिठ्ठीवर ठरते. आणि ज्या प्लॉटमध्ये पीक बसले, त्याचाही आकडा वहीत जातो.

पीक विम्यामुळे शेतकऱ्यालाही हे चांगले कळते. पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट आपल्या मर्जीने, चांगला बघून किंवा वाईट बघून निवडायचा नसतो. निवडायला मुभा दिली की हवा तो उतारा काढून दाखवता येतो.

टपरीवरच्या फॉर्म्युल्यात नेमके हेच राहून जाते. चेक नसतो, प्लॉट आपणच निवडलेले असतात आणि बसलेले पीक वहीत येत नाही.

वहीत काय लिहायचे

पहिल्या पानावर नियम. ‘फॉर्म बघून’ किंवा ‘पिच कळते म्हणून’ हा नियम नव्हे. दुसऱ्या माणसाच्या हातात वही दिली तर त्यालाही तोच अंदाज काढता आला पाहिजे. ‘संध्याकाळी साडेसातचा सामना, नाणेफेक जिंकून आधी गोलंदाजी घेणारा संघ जिंकेल’, हा नियम झाला. त्याखाली तारीख टाकायची. नियम मध्येच बदलला तर नवे पान, नवी तारीख, मोजणी पुन्हा एकपासून. बहुतेक फॉर्म्युले इथेच गळतात. पाच सामने चुकले की ‘पण त्यात घरचा संघ धरायचा नाही’ अशी पुस्ती जोडली जाते आणि जुने पाच गुपचूप हिशेबातून जातात.

त्यानंतर प्रत्येक सामन्याची एक ओळ. सामना, नोंद केल्याची वेळ, अंदाज, आणि तो किती टक्के वाटतो तो आकडा. वेळ महत्त्वाची आहे. पहिला चेंडू पडण्याआधी लिहिलेलीच ओळ धरायची. स्वतःवर भरवसा नसेल तर ओळ लिहून तिचा फोटो भावाला किंवा मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवावा. वेळ आपोआप नोंदली जाते आणि नंतर खाडाखोड करता येत नाही. नियमात बसणारा पण सोडून दिलेला सामनाही लिहायचा, का सोडला त्यासह. निकालाचा रकाना दुसऱ्या दिवशी भरायचा.

शेजारी दोन रकाने चेकचे. एकात नाणे उडवून जे आले ते. दुसऱ्यात सामन्यापूर्वी क्रिकेटच्या संकेतस्थळांवर दाखवतात ती जिंकण्याची टक्केवारी. हा दुसरा चेक कडक आहे. दव, नाणेफेक, मैदान, दुखापती ही माहिती त्या टक्केवारीत बऱ्याच अंशी आधीच धरलेली असते. तुमचा नियम तिच्यापेक्षा सरस नसेल, तर जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच तुम्हाला ठाऊक आहे.

टक्के का लिहायचे? ‘जिंकेल’ एवढेच लिहिले तर ५१ टक्के वाटलेला आणि ९० टक्के वाटलेला अंदाज एकाच मापाने मोजला जातो. हवामान खात्यांपुढेही हाच प्रश्न होता. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये त्यावर साधा तोडगा काढला. ७० टक्के म्हणालात आणि तसेच झाले, तर चूक ०.३; तिचा वर्ग ०.०९. झाले नाही, तर चूक ०.७, वर्ग ०.४९. सगळ्या सामन्यांची सरासरी काढायची. दर वेळी डोळे झाकून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी बरोबर ०.२५ येते. तुमची त्याहून कमी आली पाहिजे, आणि संकेतस्थळाच्या टक्केवारीची जी येईल तिच्याहूनही कमी. मोबाइलवरच्या शीटमध्ये हे एका सूत्राचे काम आहे.

नव्वद पैशांचे गणित

समजा दोन्ही संघ तुल्यबळ आहेत आणि दोन्हीकडे भाव ९० पैसे आहे. म्हणजे १०० लावले, जिंकले तर ९० मिळणार. हरले तर १०० जाणार. बरोबरीत राहण्यासाठीच १०० पैकी ५२.६ वेळा बरोबर यावे लागते. मधला फरक बुकीचा. म्हणून ‘निम्म्याहून जास्त बरोबर येतात’ या वाक्याला अर्थ नाही. पन्नास टक्क्यांच्या पुढे असूनही माणूस तोट्यात असू शकतो.

हंगामभर वही ठेवली तर पुरे होईल का? गेल्या काही हंगामांत आयपीएलचे ७४ सामने झाले. या भावात ७४ पैकी ३९ बरोबर आले तर कागदावर १० रुपये नफा दिसतो. नुसते नाणे उडवणाऱ्यालाही ३९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. म्हणजे क्रिकेटमधले काही न कळणारी तीन माणसे घेतली, तर त्यातला एक जण हंगामाअखेर ‘नफ्यात’ असतो. टपरीवर बोलतो तोच. उरलेले दोघे गप्प बसतात.

दहा हंगाम, ७४० सामने मोजले, तर नाणेवाल्याची नफ्यात राहण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास उतरते. आणि एखाद्याला खरोखरच १०० पैकी ५५ बरोबर सांगता येतात असे धरले, तरी ते बरोबरीच्या ५२.६ टक्क्यांपासून वेगळे दिसायला साधारण १,७०० नोंदी लागतात. म्हणजे आयपीएलचे २३ हंगाम. स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली. तेवढे हंगाम अजून झालेलेच नाहीत.

जुन्या निकालांवर फॉर्म्युला लावून पाहणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. मागचे निकाल समोर ठेवून वीस नियम तपासले, तर एखादा नियम योगायोगानेच भारी दिसणार. म्हणून वहीत फसलेले नियमही लिहायचे. विसाव्या प्रयत्नात सापडलेला नियम आणि पहिल्याच प्रयत्नात सापडलेला नियम यांची किंमत सारखी नसते. जुन्या निकालांतून निघालेला नियम पुढच्या, अजून न झालेल्या सामन्यांवरच तपासायचा.

हरलो की दुप्पट

‘हरलो तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचे, एकदा जिंकलो की सगळे वसूल’ हा डाव जगभर चालतो. तो वहीत लिहून पाहिला की तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच उघडा पडतो. १०० पासून सुरुवात केली आणि सलग पाच चुकले, तर ३,१०० गेले. सहावा डाव ३,२०० चा. आणि ९० पैशांच्या भावात ‘सगळे वसूल’ही होत नाही. चार हारींनंतर १,५०० गेलेले असतात. पाचवा डाव १,६०० चा लावून जिंकला तरी १,४४० हाती येतात. जिंकूनही ६० रुपये तोटाच!

सलग पाच चुका ही काही दुर्मीळ घटना नव्हे. ७४ सामन्यांत नाणे उडवणाऱ्यावर ती वेळ तीनपैकी दोन हंगामांत येते. म्हणून वहीत सर्वांत लांब हारीचा रकाना ठेवावा. एकूण नफा-तोट्यापेक्षा तो जास्त सांगतो.

चॅनेलवरचा ‘सहा पैकी सहा’

टेलिग्रामवर कोणी सलग सहा सामने बरोबर सांगितले तर? एक जुनी चलाखी समजून घ्यावी. ६,४०० जणांची यादी घ्यायची. निम्म्यांना ‘मुंबई’ सांगायचे, निम्म्यांना ‘चेन्नई’. ज्यांना चुकीचे गेले त्यांना सोडून द्यायचे. उरलेल्या ३,२०० चे पुन्हा दोन भाग. सहा सामन्यांनंतर १०० जण उरतात, आणि त्या १०० जणांच्या मोबाइलवर सहाही अंदाज बरोबर, तेही सामन्याआधी आलेले. मग त्यांच्याकडे ‘व्हीआयपी’ ग्रुपची फी मागायची. त्यांच्याकडचा पुरावा खोटा नसतो. उरलेल्या ६,३०० मोबाइलमधला पुरावा मात्र त्यांना दिसत नाही.

सगळ्यांच्या नोंदी एकत्र दिसल्या तर काय होते, याचे उदाहरण शेअर बाजारात आहे. तिथे प्रत्येक सौदा आपोआप नोंदला जातो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधील किरकोळ गुंतवणूकदारांचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर होता. यातही बहुतेकांकडे आपापली पद्धत होतीच.

आधीच पैसे गेले असतील तर

काहींच्या बाबतीत वहीचा उपयोग वेगळा आहे. त्यांनी अंदाज लिहिण्याऐवजी यूपीआय आणि बँकेचे स्टेटमेंट काढावे. अॅपवरील ‘विनिंग्ज’ धरू नयेत. तीनच रकाने पुरतात: खात्यातून गेलेले, खात्यात प्रत्यक्ष परत आलेले आणि त्यासाठी हातउसने, सोने गहाण ठेवून किंवा कर्जाऊ घेतलेले. रोखीने दिलेले आठवतील तसे वेगळे लिहावेत. हा हिशेब घरातल्या एखाद्या माणसाला शेजारी बसवून केला तर बरा. एकट्याने करताना बेरीज मध्येच सोडून दिली जाते.

थांबायचे आहे पण थांबता येत नाही, झोप उडाली आहे, मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत आहेत, अशा वेळी सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.