ड्रॅगनच्या घशात औषध

‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या चित्रपटात चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी जखमी ड्रॅगनचा जबडा उघडून त्याच्या घशात औषध कोंबते. हा प्रसंग रेखाटण्याआधी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी चित्रकारांकडे चौकशी केली, कुत्र्याला कधी कुणी औषध दिलंय का? कुणीच दिलं नव्हतं. मग मंडळी जनावरांच्या डॉक्टरकडे गेली आणि जबडा धरल्यावर कुत्रा काय करतो, ते कॅमेऱ्यात टिपून आली. जगात नसलेल्या प्राण्यासाठी एवढा खटाटोप! जपानी ॲनिमेशनपटांच्या मोहिनीचं श्रेय बहुधा कल्पनेच्या भरारीला दिलं जातं. माझ्या मते त्याचा मोठा वाटा निरीक्षणाला द्यायला हवा. साध्या गोष्टी इतक्या चोख रेखाटलेल्या असतात, की त्यांच्या शेजारी आलेली अशक्य गोष्टही आपण विनातक्रार मान्य करतो.

याच चित्रपटात देवांसाठीचं भलंमोठं स्नानगृह आहे. पण डोळ्यांत भरतं ते तिथलं काम: फरशी पुसणं, बंब पेटता ठेवणं, मुकादमाची बोलणी खाणं. चिखलानं बरबटलेला एक देव येतो. चिहिरो त्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढते, मागोमाग ढीगभर कचरा बाहेर पडतो आणि कळतं, की हा नदीचा देव. मियाझाकींनी स्वतः नदीच्या सफाईत भाग घेतला होता आणि पाण्यातून अशीच सायकल निघाली होती. यावर कुणी म्हणेल, ही सारी शिंतो श्रद्धेची आणि जपानी भुताखेतांची पुण्याई. परंपरेचं ऋण आहेच. पण मुखवटा घातलेला, स्वतःचा आवाज नसलेला ‘काओनाशी’ कुठल्याही लोककथेतून आलेला नाही. तो मियाझाकींनी घडवला आणि मनात ठसतो तो तोच. शिंतो देवतांची ओळख नसणाऱ्या प्रेक्षकांनाही हा चित्रपट भिडला. २००२ मध्ये बर्लिनला त्याला सुवर्ण अस्वल विभागून मिळालं, पुढच्या वर्षी ऑस्करही.

सातोशी कोन यांच्या चित्रपटांत तर देवांचा आधारच नाही. तिथे आहे आजचं टोकियो, छोट्या खोल्या, टीव्हीचे स्टुडिओ. ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७) मधली मीमा गाणं सोडून अभिनयाकडे वळते. मालिकेचं चित्रीकरण, तिला होणारे भास, पुन्हा पुन्हा अंथरुणात जागं होणं, यांतलं खरं कोणतं हे हळूहळू कळेनासं होतं. ही किमया रेघेची आहे. जिवंत नटांच्या चित्रपटात स्वप्न आलं की बहुधा प्रकाश बदलतो, धूर येतो, जोड दिसतो. चित्रात खोलीही शाईची आणि भासही शाईचा. दोन्हींचा पोत एकच. ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’ (२००१) मध्ये वृद्ध नटी चियोको आपलं आयुष्य सांगू लागते, तेव्हा मुलाखतीला आलेला माणूस आणि त्याचा कॅमेरामन थेट तिच्या आठवणींत शिरतात. ती धावत एका काळातून दुसऱ्यात जाते. कपडे बदलतात, पावलांची लय तुटत नाही. कोन २०१० मध्ये अवघ्या ४६ व्या वर्षी कर्करोगानं गेले. ही कला त्यांच्याइतक्या सफाईनं आजही कुणाला साधलेली दिसत नाही.

मग रेघ तर डिस्नेकडेही होती, असं कुणी विचारेल. डिस्नेनं जीव ओतला तो हालचालीत. जपानमध्ये तेवढा पैसा नव्हता. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ मालिका सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा म्हणून एकच चित्र तीन-तीन चौकटींत वापरून सेकंदाच्या चोवीस चौकटी आठ चित्रांत भागवल्या जात. साहजिकच भिस्त आली ती पार्श्वभूमीवर, स्तब्ध चेहऱ्यावर आणि संकलनावर. एवढ्या एका कारणानं सगळं उलगडत नाही. मियाझाकींना तर तेझुकांची ही पद्धत पटत नसे आणि त्यांच्या चित्रपटांत चित्रांची रेलचेल असते. थांबणं मात्र त्यांनाही उमगलेलं आहे. पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत चिहिरो कितीतरी वेळ नुसती बसून राहते, सावल्यांसारखे उतारू उतरून जातात. घटना म्हणावी असं काही घडत नाही आणि तरी नजर हलत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: काहीही घडू शकत असेल तर कशाचीच मातब्बरी उरत नाही. तो खरा आहे आणि मियाझाकींचाच ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) त्यात सापडतो. उत्तरार्धात जादूचे नियम इतके सैल होतात, की शाप सुटल्याचं समाधान पोहोचत नाही. नोबुहिको ओबायाशी यांचा ‘हाऊस’ (१९७७) हा जिवंत नटांचा चित्रपट याहून कितीतरी बेबंद आहे. पियानो मुलीला खातो, मागचं आकाश उघडउघड रंगवलेलं आहे. जाहिरातपटांतून आलेल्या ओबायाशींनी जोड लपवलेच नाहीत, पडदाच चित्रासारखा करून टाकला. तरी चित्रपट कोसळत नाही, कारण त्या घरातली मावशी युद्धावरून न परतलेल्या माणसाची वाट पाहते आहे आणि त्या वाट पाहण्यात खोटं काही नाही. १९३८ मध्ये हिरोशिमा प्रांतात जन्मलेल्या दिग्दर्शकाला ते कुठून सुचलं, हे वेगळं सांगायला नको.

राहिला पलायनवादाचा आरोप. १६ एप्रिल १९८८ ला घिबली स्टुडिओनं दोन चित्रपट एकाच खेळात दाखवले: मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. पहिल्यात पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलींशेजारी वनातला प्राणी येऊन उभा राहतो. दुसऱ्यात बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या कोबेमध्ये भाऊ गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून उरलासुरला गोडवा बहिणीला पाजतो. ताकाहाता स्वतः नवव्या वर्षी ओकायामावरच्या हल्ल्यातून वाचले होते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांकडे जितक्या बारकाईनं पाहिलं गेलं, तितक्याच बारकाईनं भुकेकडेही. ज्या नजरेमुळे तोतोरो खरा वाटतो, तिला पळवाट कसं म्हणणार?

या चित्रपटांकडे नव्यानं वळणाऱ्यांनी कोन यांच्या ‘पॅप्रिका’पासून (२००६) सुरुवात करू नये, त्यातल्या फ्रिज, बेडूक आणि बाहुल्यांच्या मिरवणुकीत नवखा प्रेक्षक हरवतो. आधी ‘तोतोरो’ पाहावा, मग ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’. आणि ॲनिमेशन आहे म्हणून ‘परफेक्ट ब्लू’ मुलांसमोर लावू नये. तो हिंसक आहे आणि प्रौढांसाठीच केलेला आहे.