कोड ब्लूची रंगीत तालीम

जॉन्स हॉपकिन्स हे अमेरिकेतलं नावाजलेलं रुग्णालय. तिथल्या बालरोग विभागातल्या ७० निवासी डॉक्टरांपुढे एक पुतळा ठेवला गेला आणि ऐन तपासणीत त्याची नाडी बंद पाडली गेली. दोन-तृतीयांश डॉक्टरांनी पहिल्या मिनिटात छाती दाबायला सुरुवात केली नाही, आणि एक-तृतीयांश डॉक्टरांनी तर ती शेवटपर्यंत दाबलीच नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेले हे आकडे वाचून डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण नियम ठाऊक असणं वेगळं आणि ऐनवेळी हात चालणं वेगळं.

हात चालणार तरी कसा? मुलांचं हृदय सहसा मोठ्यांसारखं अचानक बंद पडत नाही. आधी श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो, मग ठोके मंदावतात. हे वेळीच ओळखलं तर पुढची वेळ बहुधा येत नाही, त्यामुळे वॉर्डात असा प्रसंग क्वचितच घडतो. घडतो तेव्हा मात्र हाताशी असतील त्या माणसांनिशी निभावावं लागतं.

त्यात वजनाचा हिशेब. मोठ्या माणसाला ॲड्रेनालिनचा डोस ठरलेला, १ मिलिग्रॅम. मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलीची ॲम्प्यूल ९ मिली सलाइनमध्ये मिसळायची आणि त्यातून ८ किलोच्या बाळाला ०.८ मिली द्यायचं. कागदावर हे शाळकरी गणित आहे. आई दाराशी आक्रोश करत असताना दशांश चिन्ह एक घर सरकलं, की डोस दहापट.

म्हणूनच मॉक कोड, म्हणजे हृदय बंद पडल्यावर दिल्या जाणाऱ्या ‘कोड ब्लू’ हाकेची लुटुपुटूची तालीम. तो आगाऊ न सांगता, नेहमीच्याच वॉर्डात, नेहमीच्याच ट्रॉलीनिशी होतो. ड्युटीवर असतील ते धावतात. टीम लीडर शक्यतो स्वतः हात न लावता कॉटच्या पायथ्याशी उभा राहतो.

"सिस्टर, ॲड्रेनालिन ०.८ मिली, शिरेतून."

"ॲड्रेनालिन ०.८ मिली, शिरेतून, देते." आणि क्षणभराने, "दिलं."

ऐकलेलं पुन्हा म्हणायचं आणि झालेलं सांगायचं, एवढाच नियम. तो नसला की एकच औषध दोनदा जातं, नाही तर जातच नाही. तिकडे छाती दाबणारा मोठ्याने मोजत असतो: पंधरा दाब, मग ॲम्ब्यू बॅगने दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीने. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हाताचे दाब उथळ पडतात. हे लक्षात आल्यावर नव्या सिस्टरने वरिष्ठांना "सर, दाब कमी पडतोय" असं सुनावणं, ही या तालमीतली सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्या रुग्णालयांतली उतरंड पाहता तर फारच.

नंतर डीब्रीफिंग, म्हणजे काय चुकलं यावर एकत्र बसून चर्चा. त्यात माणसांपेक्षा खोलीचेच दोष जास्त सापडतात, असं बरेचदा होतं. बाळाच्या मापाचा मास्क नाही, लॅरिंगोस्कोपचे सेल उतरलेले, छाती दाबायला उभं राहायचं स्टूल भलतीकडेच. हॉपकिन्सच्याच डॉ. एलिझाबेथ हंट आणि सहकाऱ्यांनी शेवटपर्यंत वाट न पाहणारी पद्धत रूढ केली. चूक दिसली की तिथेच थांबवायचं, दुरुस्त करायचं आणि तोच भाग लगेच पुन्हा करायला लावायचा.

याने मुलं वाचतात का? मिशिगन विद्यापीठाच्या बालरुग्णालयात मॉक कोड वाढवत नेल्यावर हृदय बंद पडलेल्या मुलांच्या वाचण्याचं प्रमाण वर्षभरात सुमारे ५० टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०११ चा. अर्थात इतर सुधारणांचा वाटा त्यातून नेमका वेगळा काढता येत नाही. आपल्या शेजारच्या बेळगावातही सुईणी-परिचारिकांना साध्या पुतळ्यावर नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवल्यावर मृतजन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. पुढे नागपूर आणि केनियापर्यंत हेच प्रशिक्षण नेलं, तेव्हा मात्र सगळीकडे तसा ठळक फरक दिसला नाही.

एकदाचं शिबिर आणि प्रमाणपत्र पुरत नाही. शिकलेलं कौशल्य काही महिन्यांतच बोथट होतं. महागडा पुतळा नसला तरी साध्या पुतळ्यावर, पंधरा-वीस मिनिटांत सराव होतो. बालरुग्णालयांच्या प्रमुखांनी तेवढा वेळ दर महिन्याच्या ड्युटीत काढून द्यावा, रात्रपाळीलासुद्धा.