विलंब हीच तक्रार

लाच कोणी मागितलेली नसते, अर्ज फेटाळलेलाही नसतो. फक्त निर्णय होत नाही. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘फाइल वर गेली आहे’, ‘पुढच्या आठवड्यात या’ ही उत्तरे ऐकत खेटे घालणाऱ्याला वाटते की तक्रार तरी कशाची करायची? लोकायुक्त म्हणजे भ्रष्टाचाराची चौकशी, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की त्या कार्यालयाचे दुसरे, सामान्य माणसाच्या जास्त उपयोगाचे काम मागेच पडले.

महाराष्ट्राचा लोकायुक्त आणि उपलोकायुक्त कायदा १९७१ चा; तो अमलात आला १९७२ मध्ये. लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारे हे देशातले पहिले राज्य. या कायद्यात भ्रष्टाचाराच्या आरोपाखेरीज ‘गाऱ्हाणे’ हा तक्रारीचा वेगळा प्रकार आहे. गैरकारभारामुळे अन्याय किंवा अवाजवी त्रास झाला, एवढे त्यासाठी पुरते. आणि गैरकारभाराच्या व्याख्येत निष्काळजीपणाच्या जोडीने अवाजवी विलंब स्पष्ट लिहिलेला आहे. कोणाचा हेतू वाईट होता, कोणी पैसे खाल्ले, हे सिद्ध करण्याची गरज नाही.

विलंब अवाजवी कधी ठरतो? नुसते महिने मोजून नाही. समजा, एका दिवंगत शासकीय कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन दीड वर्ष अडकले आहे. सेवापुस्तकातल्या जुन्या वेतननिश्चितीची पडताळणी करायला तीन महिने लागले, तर ते समजण्यासारखे आहे. पण एक त्रुटी काढून प्रस्ताव परत आला, ती पूर्ण होताच दुसरी त्रुटी निघाली, आणि मधले सहा महिने टिपणीवर एकही शेरा नाही, तर ते सहा महिने अवाजवी. ज्या दिवसांत कागद कोणी हातातही घेतला नाही, ते दिवस तक्रारीत दाखवायचे असतात.

त्यासाठी पुरावा हवा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून विचारावे की माझे प्रकरण कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आले आणि पुढे कधी गेले? टिपणीची प्रतही मागावी. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ या वाक्यामागे कोणी काहीच विचार केला नव्हता, हे त्या कागदावर अनेकदा दिसते. २००५ चा दप्तर दिरंगाई कायदाही जोडीला घ्यावा. साधारण फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे तो सांगतो. त्या कायद्याखाली कारवाई मात्र खात्यातल्या वरिष्ठांनीच करायची असते, म्हणून बाहेरचा, स्वतंत्र तपासनीस हवा. लोकसेवा हक्क कायदा आहे, दंडही आहे, पण तो अधिसूचित सेवांपुरता.

लोकायुक्तांचे कार्यालय मुंबईत, मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात आहे. तक्रारीला वकील लागत नाही. नोकरीच्या अटींचे वाद तिथे चालत नाहीत. निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधी हे मुद्दाम अपवाद ठेवले आहेत, आणि तो अपवाद फार मोलाचा आहे. न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येत असेल, तर सहसा तिकडे जायला सांगतात.

मागायचे काय, यात बहुतेक तक्रारदार कमी पडतात. ‘माझ्या अर्जावर निर्णय व्हावा’ एवढेच लिहितात, आणि खाते घाईने निर्णय घेऊन मोकळे होते. दीड वर्षाचे नुकसान तसेच राहते. कायद्यातली शिफारस मात्र अन्याय किंवा त्रास दूर करण्याची आहे, कशा प्रकारे आणि किती मुदतीत ते सांगून. म्हणून निर्णयाची तारीख, थकलेल्या रकमेवर नियमानुसार व्याज, कोणामुळे उशीर झाला याची निश्चिती आणि इतरांचीही कामे अडवणारी पद्धत बदलणे, हे सारे तक्रारीत स्वच्छ मागावे.

शिफारस हा आदेश नव्हे, ही यातली खरी उणीव. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात जन्मलेल्या महिलांना निवृत्तिवेतनाचे वय वाढल्याची पत्रे पाठवायला खात्याने २८ महिने उशीर केला, असा तिथल्या लोकपालाचा निष्कर्ष होता. मार्च २०२४ मध्ये प्रत्येकी १,००० ते २,९५० पौंड भरपाईची शिफारस झाली. सरकारने त्या डिसेंबरमध्ये चूक मान्य केली, माफी मागितली आणि भरपाई नाकारली.

आपल्या कायद्यात यावर एक मार्ग आहे. ठरवलेली मुदत संपल्यापासून महिनाभरात खात्याने काय केले ते कळवायचे. समाधान झाले नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देतात, आणि तो स्पष्टीकरणासह विधिमंडळासमोर येतो. तिथे तो नुसता पटलावर ठेवला जाऊ नये. आमदारांनी त्यावर मंत्र्याला उभे करून उत्तर मागितले पाहिजे. आपल्या भागातले प्रकरण त्यात असेल तर मतदारांनी आमदाराला ते लेखी कळवावे.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. गाऱ्हाणे बारा महिन्यांच्या आत मांडायचे असते. सबळ कारण असेल तरच उशीर माफ होतो. ‘आज होईल, उद्या होईल’ या आशेवर वर्ष निघून जाते आणि दारच बंद होते. दोन लेखी स्मरणपत्रांना उत्तर आले नाही, की तिसरे खात्याला लिहीत बसू नये. ते लोकायुक्तांच्या नावे लिहावे.