भूमिकाखेळांतील बोली : आकलन आणि प्रतिष्ठा

टेबलाभोवती बसून, संवाद व फासे यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या ‘रोलप्लेइंग गेम’ या प्रकारास प्रस्तुत लेखात ‘भूमिकाखेळ’ ही संज्ञा योजिली आहे. यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार उरलेल्या सर्व पात्रांच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. छापील नियमांखेरीज प्रत्येक गट स्वतःपुरते जे नियम ठरवितो त्यांस ‘घरगुती नियम’ म्हणतात. पात्रांनी कोणत्या बोलीत व कोणत्या हेलात बोलावे, हा अशा नियमांचा एक विषय होय. वरवर तो किरकोळ वाटला तरी भाषा आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचा संबंध त्यात गुंतलेला आहे.

या खेळांच्या छापील नियमांत भाषेला आरंभापासूनच स्थान आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मध्ये बहुतेक मानवांना अवगत असलेली एक ‘सामान्य भाषा’ कल्पिली होती. पात्राची बुद्धिमत्ता १० च्या वर जितक्या अंकांनी असेल, तितक्या अधिक भाषा त्यास शिकता येत. सुव्यवस्था, अव्यवस्था व तटस्थता या तीन पक्षांनाही आपापली भाषा होती; हा चमत्कारिक संकेत १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वगळण्यात आला. याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत महाभूतांशी संबद्ध जीवांच्या एका आदिम भाषेच्या चार बोली सांगितल्या असून, त्या बोलणाऱ्यांना परस्परांचे बोलणे समजते असे स्पष्ट म्हटले आहे. ‘गर्प्स’ या खेळाच्या २००४ च्या आवृत्तीत तर भाषाज्ञानाच्या अज्ञान, मोडके ज्ञान, परकी छटा असलेले ज्ञान व मातृभाषेसारखे प्रभुत्व अशा पायऱ्या आहेत.

हे सर्व नियम आकलनाचे आहेत. कोणाचे बोलणे कोणास समजते, एवढेच ते ठरवितात. ते बोलणे कानाला कसे लागावे हा भाग गटावर सोपविलेला असतो आणि ती मोकळी जागा खऱ्या जगातील बोली भरून काढतात. ड्वार्फ या बुटक्या जमातीचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. पोल अँडरसन यांच्या १९६१ च्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतील ह्यूगी नावाचा ड्वार्फ स्कॉटिश धाटणीने बोलतो. गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये आपल्या प्रेरणास्थानांच्या यादीत या कादंबरीचा समावेश केला होता. ड्वार्फ म्हटला की स्कॉटिश हेल, हा संकेत पुढे खेळांत व चित्रपटांत रुळला. नियमग्रंथाने तो कोठेही सक्तीचा केलेला नाही. परंतु टेबलाशी एखादा स्कॉटिश खेळाडू बसला असेल, तर त्याला आपल्या घरची वाणी एका भांडखोर, मद्यप्रिय जमातीची खूण म्हणून ऐकावी लागते.

बोलीचा असा उपयोग भारतीय परंपरेस अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात मागधी, अवंतिजा, प्राच्या, शौरसेनी, अर्धमागधी, बाल्हीका व दाक्षिणात्या अशा सात भाषा सांगून त्यांची पात्रपरत्वे वाटणी केली आहे. शाकारी, आभीरी इत्यादी विभाषांची व्यवस्था वेगळी आहे. राजा संस्कृतात बोलतो, नायिका शौरसेनीत बोलते व पद्य महाराष्ट्रीत गाते; ‘शाकुंतला’तील कोळी मागधीत बोलतो. तरीही रंगभूमीवर कोणासच दुभाष्या लागत नाही. म्हणजे तेथे भाषाभेदाचे कार्य आकलनाचे नसून दर्जा दाखविण्याचे आहे. त्यातही एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘मृच्छकटिका’तील शकार ‘स’ च्या जागी ‘श’ म्हणतो. पण तो हास्यास्पद ठरतो तो मुख्यतः पुराणकथांची सरमिसळ करणाऱ्या त्याच्या मूर्खपणामुळे. तेथे हसू एका व्यक्तीचे होते. याउलट एका प्रदेशाची भाषा सेवकवर्गास नेमून दिली, की साऱ्या प्रदेशाचाच दर्जा ठरून जातो.

मराठीत खेळणाऱ्या गटापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. राजकन्या प्रमाण मराठीत, पहारेकरी वऱ्हाडीत आणि चोर अहिराणीत बोलू लागला, तर कल्पित राज्यात खऱ्या समाजातील उतरंड नकळत प्रवेश करते. तिला आवर घालण्यास पुढील नियम उपयुक्त ठरतील.

पहिला, आवाज काढून बोलणे ऐच्छिक असावे. ‘तो डोंगराकडच्या हेलात नकार देतो’ एवढे निवेदनही पुरेसे मानावे.

दुसरा, बोली प्रदेशास जोडावी, दर्जास नव्हे. एखाद्या किनाऱ्यावर मालवणीसारखी बोली असेल, तर तेथील राणी, वैद्य व चोर या सर्वांनी ती बोलावी. दर्जाभेद दाखविण्यास मराठीत तू, तुम्ही व आपण ही संबोधने समर्थ आहेत.

तिसरा, हयात समाजाचा हेल दुष्टांची वा मानवेतरांची खूण म्हणून वापरू नये. त्याऐवजी त्या कल्पित जगातील शपथा, म्हणी व धंद्याचे शब्द घडवावेत. ‘डायलेक्ट’ या २०१८ च्या खेळात खेळाडू एका एकाकी समाजाच्या जीवनातून नवे शब्द निर्माण करतात. हेलाची नक्कल न करताही बोली उभी राहते, याचा तो पुरावा होय.

चौथा, बोलीभेदामुळे आकलन अंशतः उणे व्हावे, सर्वस्वी खुंटू नये. गैरसमजामुळे कथेला वळण मिळणार असेल तेव्हाच फासे टाकावेत.

पाचवा, एखाद्या खेळाडूने हरकत घेतली की कारण न विचारता ती लकब सोडून द्यावी. मात्र जो खेळाडू स्वतःची मायबोली आपल्या पात्राच्या तोंडी घालू इच्छितो, त्यास पूर्ण मुभा असावी. वऱ्हाडी घरातील मुलीने आपली सेनापती वऱ्हाडीत बोलती केली, तर उतरंड उलट ढासळते.

या नियमांचा हेतू खेळातून बोलींना हद्दपार करण्याचा नाही. सर्व पात्रे एकाच छापाची भाषा बोलू लागली तर खेळ निर्जीव होईल आणि प्रमाणभाषेचे वर्चस्व दुसऱ्या मार्गाने प्रस्थापित होईल. बोलीने पात्राचे गाव सांगावे. त्याची लायकी त्याच्या कृतीने ठरावी, हेच या व्यवस्थेचे तात्पर्य होय.