एक सायकल, चाकांच्या दोन जोड्या

गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, देवनार भागांत जाड, खाचांच्या टायरची गिअरवाली सायकल घेतलेली मुले दिसतात. कोणी शिकवणीला निघालेला असतो, तर कोणी घरपोच जेवण पोहोचवून घराला हातभार लावत असतो. ही सायकल मुळात डोंगरवाटेची. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात ती आकाराला आली. डांबरी रस्त्यावर तिचे टायर घरघरतात आणि पाय लवकर भरून येतात.

दुसरी सायकल घेण्याची ऐपत थोड्यांचीच. ज्याला मातीत जायचेच नाही, त्याने फक्त गुळगुळीत, कमी रुंदीचे टायर चढवावेत, तेवढे पुरे. पण मुलाला सुट्टीत डोंगरवाटाही हव्या असतील, तर रस्त्यासाठी चाकांची जादा जोडी तयार करून ठेवावी. दहा-पंधरा मिनिटांत अदलाबदल होते.

खरेदीपूर्वी

दुकानात नुसते '२६ इंची' म्हणून मागू नये. टायरवर २६ × १.५० असेल, तर रिमची बैठक ५५९ मिलिमीटर. २६ × १ ३/८ असेल, तर ५९०. आकडा २६ चाच, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. तसेच २९ इंची आणि ७००सी या दोन्हींची बैठक ६२२, मात्र आपल्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलीची ६३५. म्हणून टायरवरचा मिलिमीटरचा आकडा वाचूनच पैसे मोजावेत.

त्यानंतर हब पाहावा. अनेक साध्या गिअर सायकलींत पुढची जागा १०० आणि मागची १३५ मिलिमीटर असते. शर्यतीच्या जुन्या सायकलीचा मागचा हब १३० चा येतो. तो ओढूनताणून बसवू नये. मागची दातेरी चक्रे पहिल्या चाकासारखीच, तितक्याच संख्येची घ्यावीत, म्हणजे गिअर पुन्हा लावावे लागत नाहीत. चेन झिजलेली असेल, तर नव्या चक्रांवर ती उड्या मारते. तेव्हा तीही बदलावी.

ब्रेक महत्त्वाचा

रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर जादा रिम त्याच आकाराची आणि त्याच रुंदीची हवी. डिस्क ब्रेक असेल, तर चकती तेवढ्याच व्यासाची घ्यावी. चकती पॅडला घासत असेल, तर चकती व हब यांच्यामध्ये पातळ वॉशर घालून ती मधोमध आणावी. चकतीला तेलाचा हात लावू नये. मिस्त्रीकडून चाकाचा आउट काढून घ्यावा आणि सर्व आरे सारख्या ताणाचे आहेत ना, हे पाहावे.

गुळगुळीत टायर पावसात घसरेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ओल्या डांबरावर सायकलच्या टायरला खाचांची गरज नसते. पकड रबराची असते. मात्र चिखल, गटाराची लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे यांवर सावकाश जावे. हवा टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेतच भरावी.

प्रत्येक अदलाबदलीनंतर चाकाचे नट घट्ट आहेत का ते पाहावे, चाक फिरवावे, दोन्ही ब्रेक दाबावेत आणि गल्लीतच एक फेरी मारावी. त्यानंतरच ट्रकांच्या गर्दीच्या घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावर यावे. पालकांनी हे काम मुलांना स्वतःच्या हातांनी करू द्यावे. आपले वाहन ज्याला उलगडता आणि जोडता येते, त्याचा रोजगार पंक्चरपायी बुडत नाही.