खेळाडू मुलाची घडण : घर, शाळा आणि वस्ताद

केंद्रस्पर्धा व तालुकास्पर्धा यांचे दिवस आले, की बहुतेक प्रत्येक शाळेत एखादे तरी असे मूल दृष्टीस पडते, की ज्याच्या धावण्यात, उडीत वा कुस्तीत काही निराळेच पाणी दिसते. ढाल शाळेत येते, गावातून मिरवणूक निघते, मुलाच्या गळ्यात हार पडतो, आणि पुढील वर्षापर्यंत तो विषय तेथेच मिटतो. वस्तुतः खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्या मुलाचे पुढे काय होणार, हे त्याच्या अंगच्या गुणावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या भोवतीची तीन-चार मोठी माणसे त्या काळात कशी वागतात यावरही अवलंबून असते. हे समजून घेण्यास कराडजवळील गोळेश्वर या गावचे खाशाबा जाधव यांचे चरित्र फार उपयोगी आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते व पाच मुलांतील या धाकट्या मुलास त्यांनी पाचव्या वर्षीच कुस्तीची गोडी लावली. ज्या घरात पहाटे उठणे, जोर-बैठका काढणे, अंगाला माती लागणे हा नित्याचा क्रम असतो, तेथे मुलास व्यायामाचा उपदेश करावा लागत नाही. पालकाचे पहिले कार्य हेच होय. मुलास जे करावयास सांगावयाचे, ते घरात प्रतिष्ठेचे आहे, हे त्याला न सांगता दिसले पाहिजे. सर्वच घरे पैलवानांची नसतात, हे खरे; परंतु ज्या घरात मैदानावरून उशिरा आलेल्या मुलास भाकरीबरोबर शिव्याही मिळतात, तेथे शाळेने कितीही ढाली मिळविल्या तरी त्यांचा उपयोग थोडाच.

पुढे खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तेथील वार्षिक क्रीडास्पर्धेच्या वेळी त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीत उतरू देण्याचे नाकारले. तेव्हा ते प्राचार्यांकडे गेले, त्यांची परवानगी मिळविली आणि आपल्याहून धिप्पाड गड्यांना चीत केले, अशी हकीकत सांगितली जाते. त्या क्रीडाशिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जी चूक केली, ती आजही प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर होते. दहा ते पंधरा या वयात मुलांची वाढ सारख्या गतीने होत नाही. एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एकास मिसरूड फुटलेले असते, तर दुसरा अद्याप बालकच असतो. त्यातच वयोगट ठरविताना वर्षातील एक ठरावीक तारीख धरली जाते; तिच्या लगेच नंतर जन्मलेले मूल आपल्याच गटातील शेवटी जन्मलेल्या मुलाहून जवळजवळ वर्षभराने मोठे असते. निवडक संघांत अशा आधी जन्मलेल्या मुलांचाच भरणा अधिक आढळतो, हे अनेक देशांतील खेळांत दिसून आले आहे. (ज्या काळी शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून असे, त्या काळी हा हिशेब मांडणेही अशक्यच होते.) निवड करणाऱ्यास वाटते की आपण गुण निवडतो आहोत; प्रत्यक्षात तो पुष्कळदा उंची निवडीत असतो. यास्तव जे मूल आज चौथे आले, परंतु ज्याची पळण्याची ढब निर्दोष आहे व जे हरल्यानंतरही दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी मैदानावर हजर असते, त्याचे नाव शिक्षकाने वहीत टिपून ठेवावे.

बेंजामिन ब्लूम हे नाव प्रत्येक प्रशिक्षित शिक्षकास ठाऊक असते, ते उद्दिष्टांच्या वर्गीकरणामुळे. पाठ-टाचणे काढताना ते विसरणे शक्यच नसते. याच अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी ऑलिंपिक जलतरणपटू, टेनिसपटू, पियानोवादक, शिल्पकार, गणिती व मज्जासंस्थेचे संशोधक अशा १२० नामवंतांच्या घडणीचा अभ्यास करून १९८५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ही माणसे लहानपणीच असामान्य म्हणून ओळखली गेली असतील, ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत खोटी ठरली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्यांचा पहिला शिक्षक क्वचितच त्या विषयातील मोठा अधिकारी होता. तो घराजवळचा, प्रेमळ, मुलास रमविणारा असा होता. त्यानंतर काटेकोर सराव घेणारा दुसरा शिक्षक आला, आणि सर्वांत शेवटी त्या विद्येतील श्रेष्ठ गुरू. हा क्रम उलटला की मूल खेळास विटते. दोन शिक्षकी शाळेतील गुरुजींना आपल्यापाशी थाळीफेकीचे शास्त्रोक्त ज्ञान नाही याची खंत वाटते. परंतु पहिल्या टप्प्यावर त्याची गरज नसते. गरज असते ती गोडी लावण्याची, आणि वेळ येताच ते मूल दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची.

हे सोपविणे मनास जड जाते. खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले, तेव्हा लाल मातीत वाढलेल्या या मल्लास गादीवरील कुस्ती व तिचे नियम नवखे होते. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना त्या कुस्तीचे शिक्षण दिले आणि ते सहावे आले. मातीतील वस्तादांचे शिक्षण वाया गेले, असा याचा अर्थ नव्हे. ज्या ढाक डावासाठी खाशाबा प्रसिद्ध होते, तो मातीतलाच. दुसरे उदाहरण घ्यावयाचे तर कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे घेता येईल. त्यांचे वडील शिक्षक. त्यांनी २००९ साली मुलास शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठविले; तेथे सर्वसाधारण शिक्षण झाल्यावर मुलाने नेमबाजी निवडली. पुढे दीपाली देशपांडे या स्वतः ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या मार्गदर्शिका त्यांना लाभल्या आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. मधल्या वर्षांचा आकडा शिक्षकांनी पालकांस अवश्य सांगावा : पंधरा.

कारण पालकांची घाई हा या मार्गातील मोठा अडथळा आहे. मुलगी जिल्ह्यात पहिली आली की बापाला लगेच राज्याची स्वप्ने पडतात, तिसरी आली की घरी येईपर्यंत "नंबर हुकला कसा?" याचीच झडती चालते. हरलेल्या मुलास त्या वाटेवर भूक लागलेली असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मैदानावर चुका दाखविण्याचे काम मार्गदर्शकाचे आहे. घरी खावयास, झोपावयास व रुसावयास जागा हवी. दोघेही वस्ताद झाले, तर मुलास बाप उरत नाही. मुलींच्या बाबतीत नेमकी उलट अडचण येते. सातवी-आठवीनंतर त्यांचे मैदान घरूनच बंद होते. त्या वेळी सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे उदाहरण द्यावे. नाशिक जिल्ह्यातील या आदिवासी पाड्यावरची मुलगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदकाची मानकरी झाली, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदकाची.

सरावाच्या मात्रेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वाढत्या वयात हाडांची टोके मऊ असतात. एकाच खेळाचा, एकाच हालचालीचा वर्षभर अतिरेक केल्यास गुडघा, टाच, खांदा यांना कायमची इजा होऊ शकते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी आणि बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलास खोखो, कबड्डी, पोहणे, झाडावर चढणे असे सर्वच करू द्यावे. वजनगटात बसविण्यासाठी मुलास उपाशी ठेवणे हा तर गुन्हाच समजावा.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैशाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेले खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या दिवशी एका दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देताच पुन्हा गादीवर बोलाविण्यात आले, आणि नियमावर बोट ठेवून हरकत घेण्यास भारतीय पथकातील कोणी जवळ नव्हते, असे सांगतात. ज्याच्यासाठी मागे एवढे गाव उभे होते, त्याच्या बाजूस ऐन घटकेला एकही माणूस नसावा, हे त्या पदकाच्या आनंदातही मनास लागून राहते. शाळेचा संघ तालुक्याला नेताना त्याच्याबरोबर कोण जाणार, हे ठरविताना ही हकीकत आठवावी.

खाशाबा परत आले, तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून, स्वतः लढून पैसे मिळविले आणि खर्डेकरांचे देणे फेडले.