चाळीस मीटरच्या आधीचे सहा मीटर

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात दहाब नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या लाइटहाऊस भागात सकाळी पाण्यात डोकं घातलं की पाच-सहा मीटर खोलीवर, वाळूच्या थोडं वर, तीन-चार माणसं आडवी तरंगताना दिसतात. पाठीवर जोडसिलिंडर, गुडघे दुमडलेले, हात पुढे. बाजूने स्नॉर्केलवाले पर्यटक मासे बघत जातात. ही मंडळी मात्र माशांकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकमेकांकडे बघत, जागच्या जागी थांबलेली असतात. मधूनच एकाचा हात मानेमागे जातो, काहीतरी फिरवतो आणि परत येतो. टेक्निकल डायव्हिंगची तयारी म्हणजे निदान सुरुवातीला तरी एवढंच. मीही त्या आडव्या माणसांपैकी एक होतो.

हौशी डायव्हिंगची सगळी इमारत एका आश्वासनावर उभी असते: काही बिनसलं तर सरळ वर यायचं. म्हणून तिथे खोलीची मर्यादा ४० मीटर असते आणि वेळेची मर्यादा शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनवरून ठरते. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या जुन्या तक्त्यात हवेवर पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर २० आणि ४० मीटरवर जेमतेम ९. त्यापुढे थांबलात, म्हणजेच टेक्निकल डायव्हिंगमध्ये शिरलात, तर वर येताना ठरावीक खोलीवर ठरावीक वेळ थांबावंच लागतं, नाहीतर नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत कुठेही त्रास देऊ शकतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याचं हे शास्त्र (डीकॉम्प्रेशन, डायव्हरांच्या भाषेत डेको) जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८मध्ये मांडलं. आज मनगटावरचा कॉम्प्युटर तेच काम करतो, फक्त गणित जास्त बारीक झालं आहे. गुहेत शिरलेल्या डायव्हरच्या डोक्यावर दगडाचं छत असतं. डेको करणाऱ्याच्या डोक्यावरही छत असतं, पण ते दिसत नाही, आणि खरा धोका तोच आहे. घाबरलेल्या माणसाला वर निळा उजेड दिसत असतो. त्याने वर मात्र जायचं नसतं.

यासाठी दहाबच का, असं घरच्यांनी विचारलं होतं. आपल्याकडे तारकर्ली-मालवणला बहुतेक पर्यटक जिथे डुबकी मारतात तिथे पाणी दहा मीटरच्या आसपास असतं. कोकणात खोल पाणी गाठायला किनाऱ्यापासून बरंच दूर जावं लागतं. दहाबला होडीचीही गरज नाही. जीपने जायचं, किनाऱ्यावर सामान चढवायचं, चालत पाण्यात शिरायचं. रीफ संपला की कडा सरळ खाली गेलेला. तिथल्या ब्लू होल या खोल समुद्री विवराची कीर्ती मात्र वेगळ्याच कारणाने पसरली आहे. पन्नास मीटरच्या पुढे पाण्याखाली एक कमान आहे, तिच्यातून बाहेरच्या समुद्रात जाता येतं. एकच सिलिंडर घेऊन, साध्या हवेवर ती पार करण्याच्या नादात अनेकांनी जीव गमावला. त्यांच्या स्मृतिफलकांची रांग शेजारच्या कड्यावर आहे. आमचा इन्स्ट्रक्टर त्याबद्दल भाषण देत बसला नाही. चहा मागवला आणि वही उघडली.

वहीत गॅसचं गणित. माझ्या मते सगळ्या कोर्समध्ये डोळे उघडणारा भाग हाच, आणि त्याला पाण्यात उतरावंही लागत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर दाब १ बार, पुढे दर दहा मीटरला १ बारने वाढतो. म्हणजे ४० मीटरवर ५ बार. वर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्याला तिथे १०० लिटर लागते. आता समजा ४० मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा अचानक संपली. दोघं एकाच सिलिंडरवर. परिस्थिती सावरायला एक मिनिट धरू: २०० लिटर. मिनिटाला दहा मीटरने वर यायला चार मिनिटं, सरासरी दाब ३ बार: ४८० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: १८० लिटर. बेरीज ८६०. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये हे ७२ बार होतात. आपल्याला मात्र ५० बार घेऊन वर या, एवढंच शिकवलेलं असतं.

आणि हे शांतपणे श्वास घेणाऱ्या दोघांचं गणित झालं. घाबरलेल्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो. मग राखीव १४३ बार हवी. २०० बारने भरलेल्या सिलिंडरमधून वापरायला उरतात ५७ बार, म्हणजे ४० मीटरवर सात मिनिटंही नाहीत; त्यात खाली जाण्यात गेलेली हवा धरलेलीच नाही. वहीत हा आकडा उतरला तेव्हा शेजारी बसलेला माझा बडी, दुबईत नोकरी करणारा नाशिककर, हळूच म्हणाला, "अरे, आपण इतकी वर्षं काय करत होतो?" जोडसिलिंडर पराक्रमासाठी नसतो, हे असं कागदावर कळतं.

गुहेतल्या डायव्हरांनी हा हिशेब आपल्या आधी केला. शेक एक्स्ली या अमेरिकन डायव्हरने गुहांमधल्या मृत्यूंची कारणं तपासून १९७९मध्ये एक पुस्तिका लिहिली. एक तृतीयांश गॅस जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, हा नियम तिच्यामुळे सर्वदूर पोहोचला. या क्षेत्रातले बरेचसे नियम असे कोणाच्या तरी जिवावर शिकलेले आहेत.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि निम्मे काहीतरी विकत असतात. थोडक्यात, तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटासारख्या बीसीडीऐवजी धातूची पाठपट्टी आणि तिच्यामागे विंग, म्हणजे हवा भरायची पिशवी, येते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र रेग्युलेटर. उजव्या व्हॉल्व्हवरून दोन मीटरच्या लांब होजचा रेग्युलेटर निघतो. तो तोंडात असतो आणि अडचणीतल्या बडीला तोच द्यायचा. डाव्या व्हॉल्व्हवरचा दुसरा रेग्युलेटर रबरी दोरीने गळ्यात, हनुवटीखाली. बडीला आपल्या तोंडातला काढून द्यायचा, हे आधी विचित्र वाटतं. पण घाबरलेला माणूस डोळ्यांसमोरच्या चालू रेग्युलेटरवरच झडप घालतो. ते मान्य करून केलेली ही रचना आहे.

आता तो मानेमागे जाणारा हात. त्याला व्हॉल्व्ह ड्रिल म्हणतात. सहा मीटरवर आडवं राहून उजवा हात डोक्यामागे न्यायचा, उजवा व्हॉल्व्ह चाचपायचा आणि बंद करायचा. तोंडातल्या रेग्युलेटरचा श्वास हळूहळू जड होत जातो आणि मग एकदम थांबतो. काही चूक झालेली नाही, हवा आपणच बंद केली आहे, हे ठाऊक असूनही पोटात गोळा येतो. हनुवटीखालचा रेग्युलेटर तोंडात घ्यायचा. उजवा व्हॉल्व्ह परत उघडायचा, मग दोन सिलिंडर जोडणारा मधला बंद करून उघडायचा, मग तोंडातला रेग्युलेटर पुन्हा बदलून डावा. विंगमध्ये हवा भरणारी नळी उजव्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे उजवा व्हॉल्व्ह बंद असताना बटण दाबून काही होत नाही. तोंडाने फुंकावं लागतं. खांदे आखडलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचतच नाही. आमच्यातला एक जण व्यायामशाळेत कमावलेल्या खांद्यांचा होता. त्याला कोरड्या जमिनीवर, भिंतीशी उभं राहून हात ताणायचा गृहपाठ मिळाला.

हे सगळं करताना इन्स्ट्रक्टर फक्त खोली बघत असतो. हात मागे गेला की छाती वर उचलली जाते, पाय खाली जातात, श्वास रोखला जातो आणि माणूस दीड मीटर वर गेलेला असतो. सहा मीटरवरून साडेचारवर जाणं हौशी डाइव्हमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही. डेकोचा शेवटचा आणि सर्वांत लांब थांबा बहुधा त्याच सहा मीटरवर असतो. तिथे दीड मीटर म्हणजे छत फोडणं. म्हणून आधी मागेपुढे न जाता स्थिर राहायचं, बेडकासारखी किक मारायची, उलटी किक मारून मागे सरकायचं. उलटी किक दिसायला सोपी आहे. शिकायला अंत पाहते.

एका गोष्टीत मात्र माफी नाही: गॅस बदलणं. वर येताना नायट्रोजन लवकर बाहेर पडावा म्हणून ५० टक्के ऑक्सिजनचं वेगळं सिलिंडर बगलेत टांगलेलं असतं. ते २१ मीटरच्या वरच वापरायचं. ४० मीटरवर चुकून तोंडात घेतलं तर ऑक्सिजनचा आंशिक दाब २.५ बार होतो. सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा १.६ आहे. पाण्याखाली झटका आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो, पुढचं सांगायला नको. म्हणून सिलिंडर भरल्यावर ऑक्सिजन स्वतः मोजायचा. दुकानदाराच्या शब्दावर जायचं नाही. सिलिंडरवर ठळक आकड्यांत २१ लिहायचं. पाण्यात खोली बघायची, आकडा वाचायचा, होज हाताने सिलिंडरपर्यंत तपासायची, बडीने हे सगळं पाहून मान्यता द्यायची आणि मगच श्वास घ्यायचा. तीस मीटरनंतर नायट्रोजनची गुंगी चढू लागते, तेव्हा सवयीला लागलेला क्रमच उपयोगी पडतो, हुशारी नाही.

कोर्सला आलेल्यांपैकी काहींना हे उथळ पाण्यातलं काम कंटाळवाणं वाटलं. खोली कधी, असं ते विचारत राहिले. मला वाटतं, ज्याला सहा मीटरवर कंटाळा येतो त्याने पुढे जाऊ नये. त्यात कमीपणा काही नाही. सुंदर रीफचा बराचसा भाग तीस मीटरच्या वरच आहे, प्रवाळाला उजेड लागतो.

तरीही जायचंच असेल, तर आधी विमा वाचा. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंगला बहुधा खोलीची मर्यादा असते आणि डेको डाइव्ह वगळलेला असू शकतो. रीकॉम्प्रेशन चेंबरचं बिल मोठं असतं. महागडी विंग नंतर घ्या. कोर्सची फी भरण्याआधी नेहमीच्या बडीला घेऊन सहा मीटरवर थांबा. मास्क काढून परत घाला, एसएमबी (पृष्ठभागावर खूण करणारा फुगा) वर सोडा, आणि त्या सगळ्या वेळात तुमची खोली किती हलते ते त्याला बघू द्या. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर यंदाचे पैसे साध्या डायव्हिंगवर खर्च करा.